तिसरं शिफारसपत्र

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.४०

नव्या वर्षाची रोजनिशी आजपासून. पहिले चार दिवस तयारीत गेले. संकल्प तीनच, पण पक्के. एक, रोज सकाळी चालायला जायचं. दोन, रोज स्वयंपाक करायचा. अंडं उकडणं हा स्वयंपाक धरायचा नाही. तीन, यंदा फेलोशिप मिळवायची. इतरांना नव्हे, मला.

रोजनिशीला स्वतःची ओळख करून द्यायची गरज नसते. पण अर्ज भरून भरून हाताला सवय लागली आहे, म्हणून थोडक्यात. वय चौपन्न. विषय शेवाळ. गेली सहा वर्षं विद्यापीठाचा संशोधन साहाय्य कक्ष एकहाती चालवतो. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली, पण तिला खिडकी आहे. कुठे कुठलं अनुदान निघालं, कोणती फेलोशिप कोणाला मिळू शकते, अर्जाची अंतिम तारीख काय, हे सगळं शोधून दर सोमवारी 'संधी' नावाचं पत्रक चारशे बारा प्राध्यापकांना मेलवर पाठवतो. अख्खं विद्यापीठ त्या पत्रकाकडे डोळे लावून बसलेलं असतं. कोणी बोलून दाखवत नाही, एवढंच.

चालायला उद्यापासून. बूट सापडत नाहीत. ते कुठे असतात हे हिला माहीत.

६ जानेवारी

बूट नाहीत. अंडी.

कालच्या पत्रकाला सात उत्तरं आली. सातही ऑटोमॅटिक. मी रजेवर आहे, अमुक तारखेला परत येईन. माणूस रजेवर असूनही कळवतो, ही केवढी आपुलकी! सातही जणांना आराम करा, तब्येतीला जपा असं लिहिलं. लगेच सातांचीही उत्तरं आली. चर्चा चांगली रंगली.

९ जानेवारी, शुक्रवार

सापडली! एक वर्षाची फेलोशिप. संशोधक आणि शिक्षक, दोघांसाठी. विषयाची अट नाही. वयाची अट नाही. (हे तीनदा वाचलं.) अर्ज फेब्रुवारीअखेरपर्यंत, निकाल मे महिन्यात, रुजू ऑगस्टमध्ये.

ती संस्था आमच्या लेकीच्या शहरात आहे, हा निव्वळ योगायोग.

ही लेकीच्या बाळंतपणाला दोन महिन्यांसाठी गेली. मग बाळ मान धरेपर्यंत थांबली. मग दात. मग लेक नोकरीवर परत गेली. मग त्यांनी घर बदललं, त्याची लावालाव. कारणं सगळी रास्त आहेत. मी दिवस मोजत बसणाऱ्यांतला नाही. चौदा महिने आणि अकरा दिवस.

तुम्हीच या ना, असं ही रोज साडेसातच्या फोनवर म्हणते. पण जावयाच्या घरी हात हलवत जाऊन बसायचं? सकाळी पेपर आधी कोणी वाचायचा यावर दोन पुरुषांनी संकोचत राहायचं? माणसाला परगावी स्वतःचं काम हवं. फेलो म्हणून गेलो की बात वेगळी. सकाळी नऊला डबा घेऊन बाहेर पडायचं, संध्याकाळी सहाला घरी. नातीला मांडीवर घ्यायला संध्याकाळ मोकळी.

नात तेरा महिन्यांची आहे. अजून प्रत्यक्ष गाठ नाही, पण फोनच्या काचेतून आम्ही एकमेकांना चांगले ओळखतो.

हिला काही सांगितलेलं नाही. एकदम पत्रच हातात ठेवणार.

१२ जानेवारी, सोमवार

'संधी'चा अंक गेला. चाळीस संधी दिल्या. एकेचाळिसावी जागेअभावी वगळली. मेलला जागेची मर्यादा नसते, हे मला कळतं. पण वाचकाच्या लक्षाला असतेच की.

१४ जानेवारी

शिक्षणशास्त्र विभागातल्या नव्या बाईंनी जिन्यात गाठलं. म्हणाल्या, दर सोमवारी चहा घेताना त्या 'संधी' वरपासून खालपर्यंत वाचतात. मी जिन्यातच धन्यवाद वगैरे म्हणू लागलो. मग म्हणाल्या, या वेळी एक फेलोशिप राहून गेली का? त्यांनी दुसरीकडे पाहिली, एक वर्षाची, विषयाची अट नसलेली. तुमच्या नजरेतून सुटणं शक्य नाही, म्हणून विचारलं म्हणे.

सहा वर्षांत पहिली वाचक भेटली, आणि ती नेमकी चोरी पकडायलाच आली.

१९ जानेवारी, सोमवार

ती संधी छापली. सर्वांत शेवटी. अक्षर जरा लहान ठेवलं, मांडणी उठावदार दिसते. सदसद्विवेकबुद्धी स्वच्छ.

एक ऑटोमॅटिक उत्तर कमी आलं. कोणीतरी रजेवरून परतलं असावं. चुकल्यासारखं वाटतं.

२३ जानेवारी

अर्जाचा मुख्य भाग म्हणजे संशोधनाचा प्रस्ताव. माझा हातचा मळ. वनस्पतिशास्त्र विभागामागच्या उत्तरेकडच्या भिंतीवर शेवाळाचा एक चौकोन आहे. त्याची नोंद मी एकोणीस वर्षं ठेवतो आहे. पहिली पाच वर्षं दर महिन्याला. नंतर दर वर्षी. अलीकडे येता-जाता. शेवाळ संथ वाढतं, संशोधकानेही उगाच घाई करू नये. एकाच भिंतीचा एकोणीस वर्षांचा अभ्यास दुसऱ्या कोणाकडे असेल असं वाटत नाही.

रोज पाचशे शब्द लिहायचे ठरवले आहेत. आज शीर्षक झालं.

२७ जानेवारी

आज माहितीपत्रक चौथ्यांदा वाचलं. तीन शिफारसपत्रं हवीत. दोन विद्यापीठातल्या लोकांची. तिसरं मात्र अशा व्यक्तीचं, जी उमेदवाराला कामाच्या बाहेर किमान दहा वर्षं जवळून ओळखते.

हे तर सर्वांत सोपं. उद्या यादी करतो आणि त्यातून निवडतो.

२८ जानेवारी. संध्याकाळी

यादी.

१. दातांचे डॉक्टर. बारा वर्षांची ओळख. फोन केला. नाव सांगूनही त्यांना आठवेना. खालची डावी दाढ म्हटल्यावर लगेच आठवलं, आवाजात ओलावाही आला. पण पत्र दाढेपुरतंच देता येईल म्हणाले.

२. वरच्या मजल्यावरचे शेजारी. वीस वर्षं. पण चार वर्षं बोलणं नाही. त्यांच्या न्हाणीघराचं पाणी माझ्या भिंतीत उतरतं. तिथे उत्तम शेवाळ आलं आहे. मी ते पुसलं नाही, अभ्यासाला ठेवलं, तर तो त्यांना टोमणा वाटला.

३. कॉलेजातला जिवलग मित्र. नंबर वहीत होता. फोन उचलला तो फ्रिज दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी, त्यांच्याकडे तो नंबर सात वर्षं आहे. भला माणूस. अकरा मिनिटं बोललो. माझ्या फ्रिजचा आवाज फोनवर ऐकून त्यांनी रोग सांगितला. ठेवताना म्हणाले, करत जा अधूनमधून फोन. त्यांची माझी ओळख दहा वर्षांची असती तर प्रश्नच मिटला असता.

यादी इथे संपली. घाईत केली की अशी होते.

२ फेब्रुवारी, सोमवार

विभागप्रमुखांकडे शिफारसपत्र मागितलं. ते माझे एके काळचे विद्यार्थी. आमच्या धंद्यातली रीत आहे. थोरामोठ्यांना वेळ नसतो. ज्याला पत्र हवं त्यानेच लिहायचं, ते नुसती सही ठोकतात. तेही तेच म्हणाले, सर, तुम्हीच लिहून आणा, तुमच्याइतकं तुम्हाला कोण ओळखतं?

खरं आहे. पण ऐकल्यावर बरं का वाटलं नाही, कळत नाही.

५ फेब्रुवारी

आमच्या जुन्या गाईडच्या घरी गेलो. वय त्र्याऐंशी, स्मरणशक्ती तल्लख. मला पाहताच म्हणाले, काय म्हणतात तुझे नेचे? नेच्यांवर, म्हणजे फर्नवर, काम करणारा तो दुसरा, माझ्या पुढच्या वर्षीचा. मी दुरुस्ती केली नाही. त्या नेचेवाल्याबद्दल सरांचं मत फारच चांगलं निघालं. ते म्हणाले, लिहून आण, सही करतो, फक्त तुझं नाव ठळक लिही.

येताना बसमध्ये सर्व वेळ आनंदात होतो. त्या नेचेवाल्याबद्दल कोणी इतकं चांगलं बोलेल असं वाटलं नव्हतं.

११ फेब्रुवारी

दोन्ही पत्रं लिहून झाली. दोन वेगळ्या माणसांचा आवाज काढणं ही कला आहे. विभागप्रमुखांची वाक्यं आखूड, सरांची लांब. 'उमेदवार अत्यंत विनम्र असून स्वतःविषयी अवाक्षर काढत नाही,' हे दोन्हीकडे आलं आहे, पण खरी गोष्ट दोघांच्याही लक्षात येणारच. सरांच्या पत्राचा शेवट लिहिताना डोळे भरून आले. कोणी माझ्याबद्दल इतकं लिहिलं नव्हतं.

प्रस्तावाचे साडेतीनशे शब्द झाले. रोज पाचशेच्या हिशेबात थोडी पिछाडी आहे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्यांतला मी नाही, पण जिन्याखाली लिहायला बसलं की वरून सारखे बूट वाजतात.

१६ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ७.३०

तिसरं पत्र. माहितीपत्रक पाचव्यांदा वाचलं. नातेवाईक चालणार नाही असं कुठेही म्हटलेलं नाही.

हिला सांगावंच लागलं. फेलोशिप, लेकीचं शहर, ऑगस्ट, सगळं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, आणि नाही मिळाली तर याल का? मी म्हटलं, न मिळायला काय झालं? सहा वर्षं जगाला अर्ज कसा करायचा हे शिकवतोय. ती म्हणाली, ते नाही विचारलं. तेवढ्यात पलीकडे नातीने काहीतरी सांडलं.

१८ फेब्रुवारी

हिला त्रास नको म्हणून पत्राचा मसुदा मीच पाठवला. साडेआठशे शब्द. सुरुवात अशी: 'सदर उमेदवारास गेली एकोणतीस वर्षं अत्यंत जवळून न्याहाळण्याचं भाग्य मला लाभलं आहे.' खाली फक्त नाव घालायचं आणि संस्थेच्या लिंकवर चढवायचं.

हिचा फोन आला. हसण्यासारखा आवाज खूप वेळ येत होता. लाइन खराब असावी.

२४ फेब्रुवारी

हिने पत्र चढवलं. जसंच्या तसं ना, असं विचारलं. म्हणाली, थोडं बदललं. शुद्धलेखन सुधारलं असणार. हिचं शुद्धलेखन पहिल्यापासून चांगलं.

२७ फेब्रुवारी. दुपारी ३.१०

अर्ज दाखल! मुदतीच्या पूर्ण एक दिवस आधी. 'तिथे कुठे राहाल' या रकान्यात 'स्थानिक व्यवस्था आहे' असं ऐटीत भरलं. इतर उमेदवार भाड्याच्या खोल्या शोधत फिरतील बिचारे.

पोर्टलने लगेच आभार मानले, नावानिशी.

९ मार्च, सोमवार

विद्यापीठाची तपासणी करायला समिती यायची आहे. त्यामुळे सगळीकडे रंगरंगोटी. चहा पिऊन वनस्पतिशास्त्राच्या मागे गेलो, तर उत्तरेकडची भिंत तारेच्या ब्रशने घासून पांढरी केलेली. रंग ओला होता. देखभाल विभागाचे मुकादम शेजारीच उभे होते. अभिमानाने म्हणाले, बघा साहेब, किती वर्षांची घाण होती कोण जाणे!

मी म्हटलं, एकोणीस.

१० मार्च

वाईटातून चांगलं निघतं. मोकळ्या भिंतीवर शेवाळ पुन्हा कसं येतं, हा तर मूळ विषयापेक्षा मोठा विषय. संस्थेला पुरवणी टिपण पाठवलं. आभाराचं उत्तर आलं. आधीच्या उत्तरासारखंच, पण या वेळी जास्त लवकर.

संध्याकाळी भिंतीपाशी थोडा वेळ उभा होतो. बघायला काही नव्हतं, तरी पाय निघेना.

२ एप्रिल

विस्मरणामुळे मध्ये लेखन झालं नाही. चालणंही विस्मरणामुळेच. बूट सापडले, पलंगाखालच्या पेटीत. सगळा वेळ तिथेच होते. आता उकाडा वाढला.

तयारीला लागलो. बॅग भरून दाराशी ठेवली आहे. डबा नवा घेतला, तीन कप्प्यांचा. पेपरवाल्याला एक जूनपासून पेपर बंद करायला सांगून टाकलं. त्याने विचारलं, कुठे निघालात? फेलो म्हणून जातोय म्हटलं. तो म्हणाला, लेकीकडे ना? लोक असा सरळ अर्थ काढतात.

१९ एप्रिल, रविवार

हिचा व्हिडिओ कॉल. नात आता चालते. फोन तिच्या हातात दिला. मी तोंडाने सगळे प्राणी काढून दाखवले. तिने दोन मिनिटं नीट पाहिलं आणि बोटाने मला बाजूला सरकवलं. पुढे दुसरं चित्र येईल अशी तिची समजूत. हुशार आहे.

नंतर घरात फार शांत वाटलं. दोनच खोल्या आहेत, पण मोठ्या वाटतात.

फ्रिजवाल्या गृहस्थांना फोन केला. उचलला नाही. कामात असतील.

११ मे, सोमवार

या आठवड्यात निकाल कधीही लागेल. घोडामैदान जवळच आहे. दर पंधरा मिनिटांनी मेल पाहतो. 'संधी'चा अंक पाठवायचा राहिला. चारशे बारा लोकांचा किती खोळंबा झाला असेल.

१२ मे

कोणीच विचारलं नाही. धीराचे लोक आहेत.

दुपारी शिक्षणशास्त्राच्या बाई आल्या. अंक आला नाही, तब्येत बरी आहे ना? बोलता बोलता म्हणाल्या, त्या फेलोशिपचा अर्ज त्यांनीही केला आहे, माझ्या पत्रकात वाचूनच. मी शुभेच्छा दिल्या. अनुभव मिळेल त्यांना.

२६ मे, मंगळवार. सकाळी ११.०५

मेल आली.

२६ मे. दुपारी

निवड झालेली नाही, असं म्हणतात. पण सोबत परीक्षकांचे अभिप्राय आहेत, आणि ते बारकाईने वाचायला हवेत. नकाराचा अभिप्राय म्हणजे पुढच्या अर्जाचा पाया, असं मी 'संधी'त कितीदा लिहिलं आहे.

'शिफारसपत्र क्र. १ आणि २ एकाच व्यक्तीने लिहिलेली दिसतात. पत्र क्र. २ मध्ये शेवटच्या परिच्छेदात असं वाक्य आहे: उमेदवाराने या भिंतीपायी माझ्या आयुष्याची एकोणीस वर्षं घातली.'

दहा वेळा वाचून पाठवलं होतं. डोळे भरून आल्यामुळे तेवढी ओळ राहिली.

'शिफारसपत्र क्र. ३ मधून मात्र उमेदवाराची ओळख पटते. त्यांना फेलोशिपची नव्हे, तिकिटाची गरज असून ते त्यांनी स्वतःच काढावं, अशी पत्रलेखिकेची शिफारस आहे. समिती या शिफारशीशी एकमताने सहमत आहे.'

म्हणजे तीनपैकी एक शिफारस समितीने पूर्ण मान्य केली. तेहतीस टक्के. पहिल्या प्रयत्नाला वाईट नाही.

२६ मे. संध्याकाळी

तिकिटाचं वाक्य माझ्या मसुद्यात नव्हतं.

साडेसातला हिचा फोन आला. मेल वाचून दाखवली. तू काय लिहिलंस, विचारलं. म्हणाली, जे आहे ते लिहिलं. एकच पान. आणखी काय लिहिलंस? तर म्हणाली, तुम्ही भिंतीशी तासन् तास उभे राहता, पण निरोप द्यायला दाराशी दोन मिनिटं थांबत नाही, असं लिहिलं. आणि मला करमत नाही, असंही लिहिलं.

एवढं सगळं संस्थेला लिहिलं. मला का नाही लिहिलं, असं विचारणार होतो. मग आठवलं, ती रोज साडेसातला हेच तर सांगते.

२९ मे

शिक्षणशास्त्राच्या बाईंना फेलोशिप मिळाली. कक्षात येऊन सांगितलं, कॅन्टीनमधून चहा मागवला. म्हणाल्या, तुमच्या पत्रकामुळे मिळाली. सहा वर्षांत 'संधी'मुळे कोणाला काही मिळाल्याची ही पहिलीच नोंद. वार्षिक अहवालात 'लाभार्थी: एक' असं लिहिता येईल. मला खरंच आनंद झाला. हे लिहून ठेवतो, कारण आधी वाटलं होतं होणार नाही.

मग त्यांनी विचारलं, तुमची लेक तिथेच असते ना, राहायला कोणता भाग चांगला? सगळेच चांगले म्हटलं. तुमची लेक कुठे राहते? नवीन भागात. म्हणजे कुठे? तेव्हा मला मीटिंग होती.

मीटिंग नव्हती.

१ जून, सोमवार

पेपर आला नाही. मीच बंद केला होता.

३ जून

लिहिण्यासारखं काही नाही.

८ जून, सोमवार. दुपारी १२.४०

आज आस्थापना विभागात गेलो. रजेचा अर्ज घेतला. एकच पान. 'रजेचं कारण' हा रकाना बोटभर. तेवढ्यात काय मावणार? म्हणून वेगळा कागद जोडला. पार्श्वभूमी, उद्दिष्टं, कामाचं वेळापत्रक, अपेक्षित फलनिष्पत्ती (यात 'नातीशी प्रत्यक्ष परिचय'). सहाशे शब्द झाले. एका बैठकीत. फेलोशिपच्या प्रस्तावाला इतके कधी झाले नव्हते.

तिथल्या बाईंनी पिनसकट तो कागद काढून मला परत दिला. म्हणाल्या, रकान्यात 'घरगुती' लिहा. मी विचारलं, एवढं पुरतं? त्या म्हणाल्या, सगळ्यांना पुरतं. मग माझी रजेची वही काढली. भरपूर रजा शिल्लक आहे. ठरावीक दिवसांच्या वरची दर वर्षी वाया जाते, ती गेली सहा वर्षं जातच आहे. इतकी वर्षं घेतली का नाही, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अर्ज कसा करायचा ते माहीत नव्हतं. त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

मंजूर व्हायला मिनिटभर लागलं असतं. पण खाली एक रकाना कोरा होता. 'रजेच्या काळातील पत्ता.' तो भरल्याशिवाय फाइल पुढे जात नाही.

घर बदलून त्यांना नऊ महिने झाले. बाल्कनीत उन्हं कधी येतात ते मला माहीत आहे, समोरच्या झाडावर कावळ्याने केलेलं घरटं माहीत आहे. पत्ता कधी विचारलाच नव्हता.

कॉरिडॉरमध्ये येऊन हिला फोन लावला. दुपारी मी कधी करत नाही, म्हणून ती घाबरली. काय झालं, विचारलं. मी म्हटलं, काही नाही, लेकीचा पत्ता हवाय. कशाला? फॉर्मवर लिहायचाय. कसला फॉर्म? रजेचा.

पलीकडे नात काहीतरी आपटत होती. मग हिने पत्ता सांगितला. घर क्रमांक, मजला, गल्ली, कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान, बसमधून कुठल्या बाजूला उतरायचं ते. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, नीट लिहून घेतलंत ना, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितला, या वेळी सावकाश. मी पहिल्याच वेळी लिहून घेतला होता, तरी सांगू दिला.